त्रेसष्टाव्या प्रश्नाचे चार जगज्जेते

उत्तरतालिका सोमवारी दुपारी लागली आणि असोद्याच्या झुलाल आबांनी पुढ्यातलं ताट सरकवून दिलं. ताटात कळण्याची भाकरी होती, भरीत होतं, वर कच्चा कांदा होता. असल्या ताटावरून आबा उठले म्हणजे कुठेतरी काहीतरी भयंकर घडलं असणार, असं समजून बेबाबाई हात पुसत बाहेर आल्या.

"काय झालं? कोन गेलं?"

"कोनी गेलं नही. 'ब' म्हने!"

"कोन ब?"

"त्रेसष्ट नंबरले 'ब' बरोबर म्हने. काल सकाळी मार खाऊन आडवा झाला तो! माझ्या डोयादेखत झाला! आन् हे लोकं म्हन्ता तोच जगज्जेता!"

बेबाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्या परत आत गेल्या. नवऱ्याचं बॉक्सिंग त्या सहा वर्षं सोसत होत्या. तरुणपणी आबा कुस्त्या करायचे. गुडघा गेला, कुस्ती सुटली, पण दोन माणसं एकमेकांना भिडलेली पाहिल्याशिवाय त्यांना करमेना. नातीने मोबाइलवर बॉक्सिंग लावून दिलं आणि त्या दिवसापासून घरातला रविवार गेला. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडची रविवारची सकाळ, हे आबांच्या सोयीसाठीच देवाने ठरवलं असावं. केळीच्या बागेला पाणी सोडायचं, फोन खिशातून काढायचा आणि बांधावर बसून बघायचं.

पण आजचा संताप बॉक्सिंगचा नव्हता, एका मार्काचा होता. आबांची नात नूतन हिने जळगावच्या 'गिरणामाई नागरी सहकारी पतसंस्थे'च्या लिपिक पदाची परीक्षा दिली होती. जागा एक, अर्ज चारशे बारा, प्रश्न शंभर. त्यातला त्रेसष्टावा असा: 'व्यावसायिक मुष्टियुद्धात वेल्टरवेट गटाचा सध्याचा जगज्जेता कोण?' आता पतसंस्थेच्या लिपिकाने व्हाउचर लावायचं, आवक-जावक लिहायची आणि अध्यक्षांचा चहा सांगायचा. त्याला वेल्टरवेट कशाला लागतो, असं चारशे बारांपैकी एकानेही विचारलं नाही. आपल्याकडे विचारत नाहीत. शिपायाच्या जागेला सुद्धा ज्वालामुखी विचारतात आणि पोरं मुकाट्याने ज्वालामुखी पाठ करतात.

नूतनने 'क' लिहिलं होतं. तालिका म्हणत होती 'ब'. त्यामुळे नूतनला ऐंशी मार्क, आणि एक्क्याऐंशी घेऊन पहिली आली धुळ्याच्या देवपूरमधली वृषाली देवरे. चार वर्षं नूतन परीक्षा देत होती. तलाठ्याची गेली दोन मार्कांनी, आरोग्य खात्याची गेली अर्ध्या मार्काने. घरात आता स्थळांची चर्चा मोठ्या आवाजात होऊ लागली होती. ही जागा गेली तर पुढची परीक्षा सासरहून द्यावी लागेल, एवढं तिला स्पष्ट दिसत होतं.

"आबा, जाऊ द्या," ती म्हणाली. तिचा आवाज काही जाऊ द्या म्हणणाऱ्याचा नव्हता.

"काहून जाऊ द्यायचं? तू बरोबर, तालिका चूक. अर्ज लिही!"

आबांना जास्त झोंबलेलं कारण निराळं होतं. 'क' त्यांनी सांगितला होता. परीक्षेच्या रविवारी ते नूतनला मोटारसायकलवर केंद्रावर घेऊन गेले. गेटपाशी सव्वानऊला तिला म्हणाले, "आज जगज्जेता बदलतो बरं. जुना दमला हाये, त्याचा डावा हात खाली येतो. नवीन पोरगा त्याले आठव्या-नवव्या फेरीत लोळवेल." आणि नव्या पोराचं नाव सांगितलं. साडेनवाला गेट बंद झालं. दहाला दहा कमी असताना, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर आबांच्या फोनमध्ये, आठव्या फेरीत जुना जगज्जेता लोळला. दहाला घंटा झाली. म्हणजे नूतनने लिहिलेलं उत्तर अवघं दहा मिनिटांचं ताजं होतं. प्रश्नपत्रिका छापून तीन आठवडे झाले होते. शिळं बरोबर आणि ताजं चूक, हा कुठला न्याय?

मंगळवारी दोघं पतसंस्थेत हजर. अध्यक्ष जीवराम शेठ खुर्चीत बसले होते आणि शेजारी प्रश्नपत्रिका काढणारे प्रशील सोनवणे सर. सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत, स्वभावाने सरळ आणि चूक झाली तर कबूल करणारे. हा गुण समितीत किती घातक ठरतो हे पुढे दिसेलच.

सरांनी फोनवर शोधलं आणि मान हलवली. "शेठ, यांचं बरोबर आहे. परीक्षेच्या दिवशी सकाळीच तो हरला. 'सध्याचा' म्हटलं की परीक्षेच्या दिवशीचा धरावा लागेल."

"मग 'क' करून टाका. त्यात काय एवढं?" शेठ म्हणाले. त्यांना जेवायला घरी जायचं होतं.

बुधवारी सुधारित तालिका लागली. नूतन एक्क्याऐंशी, वृषाली ऐंशी. आबांनी त्या संध्याकाळी असोद्याच्या पारावर जमलेल्या मंडळींना वेल्टरवेट म्हणजे किती किलो, डावा हात खाली आला की काय होतं, आणि पतसंस्थेसारखी संस्था सुद्धा शेवटी कोणाचं ऐकते, हे दीड तास सांगितलं.

गुरुवारी धुळ्याच्या पहिल्या एसटीने वृषाली आली आणि तिच्याबरोबर तिची आई सुनंदाबाई. सुनंदाबाई देवपूरमध्ये पापड-कुरडयांचा गृहउद्योग चालवत. बारा बायकांना कामाला लावणारा आवाज घेऊन त्या थेट अध्यक्षांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"मनी पोर पह्यली उनी व्हती! सोमवारले पह्यली, बुधवारले दुसरी! दोन दिवसमा तिनी काय करं म्हणीसन तुम्हीन तिले खाले उतारं?"

जीवराम शेठ चाचरत म्हणाले, "अक्का, तो 'ब' हरला ना."

"हारना, पन पट्टा त्यानाच शे! सांग वं वृषाली!"

वृषालीने फाइल उघडली. ती व्यवस्थित मुलगी होती. तिने कागदांना फ्लॅग लावून आणले होते. "सर, 'ब'कडे दोन संस्थांचे दोन पट्टे होते. रविवारच्या लढतीत त्यातला एकच पणाला लागला होता. दुसऱ्या संस्थेने त्या लढतीला मान्यताच दिली नव्हती. त्यामुळे तो एका संस्थेचा माजी जगज्जेता आहे आणि दुसऱ्या संस्थेचा अजूनही जगज्जेता आहे. हा त्या संस्थेच्या वेबसाइटचा प्रिंट."

सोनवणे सरांनी प्रिंट वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. आबांना फोन गेला. अर्ध्या तासात मोटारसायकल दारात.

"हरला तरी जगज्जेता?" आबा केबिनच्या दारातूनच कडाडले. "अख्ख्या जगानं त्याले पडलेलं पाह्यलं! दहा आकडे मोजले तरी उठला नही! असा कसा जगज्जेता?"

"आबा, असं आहे," सर म्हणाले, "जगात या खेळाच्या मोठ्या संस्थाच चार. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचा पट्टा वेगळा, जगज्जेता वेगळा. चारही पट्टे एकाकडे आले तर तो निर्विवाद."

"ते मले नका सांगू! मले चारी पाठ हाये! पन मानूस हरला म्हनजे हरला. आमच्या कुस्तीत पाठ टेकली की घरी जायाचं. तिथं कोनी म्हन्त नही, की अमक्या गावाच्या मातीले याची पाठ टेकली, तमक्या गावाच्या मातीले नही टेकली!"

"मंग तुम्हीन कुस्तीनाच प्रश्न इचारा!" सुनंदाबाई म्हणाल्या. "मनी पोरनी बॉक्सिंगनं लिखं ते बरोबर लिखं."

दोघंही बरोबर होते, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. सरांनी 'ब आणि क दोन्ही ग्राह्य' अशी तालिका काढली. ती बघून इतर उमेदवारांना जाग आली. पहूरच्या एकाने अर्ज दिला, की 'अ' मधला बॉक्सर एका संस्थेचा 'सुपर' जगज्जेता आहे. त्याच संस्थेचा साधा जगज्जेता निराळा आणि सुपर निराळा. शेठनी विचारलं, "सुपर म्हणजे साध्याच्या वर का?" सर म्हणाले, "वर असं नाही. शेजारी." शनिवारी चाळीसगावहून एक अर्ज आला. 'ड' मधला बॉक्सर दुखापतीमुळे विश्रांतीवर आहे, परंतु त्याच्या संस्थेने त्याला 'विश्रांतीतील जगज्जेता' असा दर्जा दिलेला आहे, सबब तोही ग्राह्य धरावा.

"घरी झोपलेला मानूस जगज्जेता!" आबा बाकावर थाप मारून म्हणाले. "मंग मी बी विश्रांतीवरचा हिंदकेसरी हाये!"

शेवटी सर्व पर्याय बरोबर, सर्वांना एक मार्क, अशी चौथी तालिका लागली. नूतन एक्क्याऐंशी, वृषाली एक्क्याऐंशी. जाहिरातीत छापलेलं होतं, की समान गुण पडल्यास वयाने मोठ्या उमेदवाराला प्राधान्य. नूतन चार महिन्यांनी मोठी निघाली.

जागा नूतनची झाली. दुसरा कोणी असता तर देवाला नारळ फोडून गप्प बसला असता. आबा तिसऱ्या दिवशी नूतनला घेऊन पुन्हा पतसंस्थेत.

"मले हे मान्य नही. आम्हाले दया नको. 'क' हाच बरोबर हाये, तसं लिहा."

"आबा, नोकरी मिळते आहे हो तिला!" सर काकुळतीला आले.

"मिळू द्या. पन वयामुये कसाले? अकलेमुये द्या!"

आणि मग आबांनी ते केलं जे कधीही करू नये. वयाच्या नियमाची तक्रार घेऊन आलेल्या सुनंदाबाई आणि वृषाली बाकावर बसलेल्या असताना त्यांनी सविस्तर आणि अभिमानाने पुरावा दिला. लढत दहाला दहा कमी असताना संपली, अमुक सेकंदाला संपली, नूतनने दहा वाजता बरोबर लिहिलं. महाराष्ट्रात एवढं ताजं उत्तर दुसऱ्या कोणी लिहिलं असेल तर दाखवा!

सुनंदाबाई सावकाश उभ्या राहिल्या.

"गेट कवय बंद व्हयनं?"

"साडेनवाले," आबा म्हणाले.

"आनि लढाई संपनी दहाले दहा कमी."

"बरोबर."

"मंग गेट बंद व्हयनंवर तुम्हनी पोरले आतमा कसं समजनं? तिनाकडे मोबाइल व्हता!"

जीवराम शेठनी सरांकडे पाहिलं, सरांनी वृषालीकडे, वृषालीने फाइलमध्ये. बरोबर उत्तराचा पुरावा आता कॉपीचा पुरावा झाला होता. नियम छापील होता: परीक्षागृहात मोबाइल आढळल्यास उमेदवार कायमचा बाद, आणि नाव इतर पतसंस्थांनाही कळवण्यात येईल. म्हणजे ही जागा तर जाणारच, पुढच्याही जाणार. एका माणसाच्या हट्टापायी पोरीचं नाव चोरांच्या यादीत जाणार होतं. नूतनला नोटीस निघाली: आठ दिवसांत खुलासा करावा.

"मी सांगतलं व्हतं तिले!" आबांचा आवाज आता तेवढा मोठा नव्हता. "सव्वानऊले. गेटपाशी."

"सव्वानऊला लढत सुरू तरी झाली होती का?" शेठनी विचारलं.

"नही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"समजतं मले. जुन्याचा डावा हात खाली येत व्हता."

"हाऊ काय भगत शे का?" सुनंदाबाई गरजल्या. "इथं असोद्यामा बशीसन याले अमेरिकाना हात दिखस!"

नूतन आतापर्यंत दाराशी उभी होती. ती पुढे आली आणि सरळ अध्यक्षांशी बोलली. "साहेब, माझ्याकडे मोबाइल नव्हता. गाइडमध्ये 'ब' होतं. आबांनी 'क' जिंकेल असं सांगितलं होतं. मी आबांवर विश्वास ठेवला. याच्यापलीकडे माझ्याकडे खुलासा नाही."

हे ऐकून आबांनी टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा घातली. काय करावं हे त्यांना सुचेना. पोरीने चार वर्षांचा अभ्यास बाजूला ठेवून त्यांच्या शब्दावर एक मार्क लावला होता, आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने तिला बुडवलं होतं.

जीवराम शेठ मूळचे कापसाचे व्यापारी. बोंड न फोडता माल ओळखतो म्हणणारे पुष्कळ त्यांनी पाहिले होते, आणि त्यांच्यासाठी त्यांच्याकडे एकच उपाय होता. "आबा, येत्या रविवारी आहे का एखादी लढत?"

"हाये. जगज्जेतेपदाचीच हाये."

"मग रविवारी सकाळी इथे या. लढतीआधी नाव लिहून पाकिटात बंद करा. सगळ्यांसमोर बघू. बरोबर आलं तर तुम्हाला कळतं हे सिद्ध झालं, आणि पोरगी निर्दोष. चुकलं तर आमचा नाइलाज आहे."

"शेठ, एका लढतीवरून काही सिद्ध होत नाही," सोनवणे सर म्हणाले. "पन्नास टक्के शक्यता तर नाणं उडवूनही येते."

"तुम्ही गप्प बसा. वेल्टरवेट तुम्हीच आणलाय."

तो आठवडा असोद्यात आबांना ओळखणं कठीण झालं. पारावर गेले नाहीत. दोन्ही बॉक्सरांच्या जुन्या लढती त्यांनी दोनदोनदा बघितल्या. एकदा बेबाबाई म्हणाल्या, "घरात आयती आलेली नोकरी व्हती. तुम्ही जाऊन परत करून आले." ते वाक्य आबांना दिवसभर दुखत राहिलं.

रविवारी साडेसातला पतसंस्थेच्या सभागृहात सगळे जमले. अध्यक्ष, सर, चार संचालक, नूतन, आबा आणि धुळ्याहून आलेल्या मायलेकी. मोठ्या टीव्हीला सरांचा लॅपटॉप जोडला. पोहे आले. आबांनी चिठ्ठी लिहिली, शेठनी पाकिटाला लाख लावून संस्थेचा शिक्का मारला.

एक बॉक्सर लाल चड्डीतला, दुसरा पांढऱ्या. आबांनी खिशातून मूठभर भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसले. फेरी संपली की ते एक शेंग उजव्या नाहीतर डाव्या मांडीजवळ ठेवत. ही त्यांची जुनी पद्धत होती. लालने फेरी जिंकली तर डावीकडे, पांढऱ्याने जिंकली तर उजवीकडे.

लाल बॉक्सर भलता आक्रमक होता. मुंडी खाली घालून तो पुढेपुढेच जात होता. पांढरा मागेमागे सरकत होता, मधूनच एक सरळ ठोसा देऊन बाजूला होत होता. दुसऱ्या फेरीला एक संचालक म्हणाले, "हा पांढरा पळतोच आहे नुसता." चौथ्या फेरीला सगळं सभागृह लालचं झालं. सुनंदाबाई आबांचा पराभव बघायला आल्या होत्या, पण पळणारा माणूस त्यांना जन्मात आवडला नव्हता.

"आरे थांब ना, कोठे पळी ऱ्हायना!" त्या पांढऱ्यावर ओरडल्या. "मार रे लाल! आखो मार!"

आठव्या फेरीत लालने पांढऱ्याला दोरांवर दाबलं, तेव्हा जीवराम शेठच्या हातातली पोह्यांची बशी सांडली. दहाव्या फेरीत सोनवणे सर खुर्चीवर चढले. अर्थशास्त्र कुठल्या कुठे गेलं. बाराव्या फेरीला लाल ठोसे टाकतच होता, त्यातले अर्धे हवेत जात होते, पण हवेत गेलेला ठोसा सुद्धा लांबून जोरकस दिसतो. घंटा झाली. लालने हात वर केले, सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

शेठनी पाकीट फोडलं. चिठ्ठीत लालचं नाव होतं.

"वा आबा!" शेठ म्हणाले. "मानलं तुम्हाला!"

आणि पडद्यावर पंचांचा निकाल आला. तिन्ही पंचांनी एकशे पंधरा विरुद्ध एकशे तेरा गुणांनी पांढऱ्याला विजयी केलं होतं.

मग सगळे एकदमच बोलू लागले.

"हे काय?" शेठ ओरडले. "अहो, आम्ही आंधळे आहोत का?"

"पळणारा जिंकतो?" संचालक म्हणाले. "सरळसरळ दरोडा आहे हा!"

"त्या पंचेसना डोया फुटना का?" सुनंदाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "तो बिचारा बारा फेऱ्या मारी ऱ्हायना, आनि हाई बठ्ठं बक्षीस त्या पळपुट्याले! मी सांगस, लाल जितना! आपुन बठ्ठासनी दखं!"

"पण नियमाप्रमाणे..." वृषालीने हळूच फाइल उघडली.

"तू उगी ऱ्हाय वं! डोयाघाई दखं ते खोटं का?"

जीवराम शेठ उभे राहिले. वीस वर्षं त्यांनी संस्था चालवली होती, पण इतका संताप त्यांना वार्षिक सभेतही आला नव्हता. "इतिवृत्ताचं रजिस्टर आणा. लिहा: ही संस्था सदर लढतीचा निकाल अमान्य करीत आहे. या संस्थेच्या मते लाल चड्डीतील बॉक्सर हाच खरा जगज्जेता होय. ठराव सर्वानुमते मंजूर. झुलाल आबांचा अंदाज बरोबर ठरल्याने नूतन नारखेडे यांना दिलेली नोटीस मागे घेण्यात येत आहे. कोणाची हरकत?"

सर्वांची नजर सुनंदाबाईंकडे गेली. त्यांचं तोंड अजून संतापाने लाल होतं. आपण काय बोलून बसलो हे त्यांना तेव्हा कळलं. लाल जिंकला असेल तर आबा खरे, आबा खरे असतील तर नूतन निर्दोष, आणि नूतन निर्दोष असेल तर वृषाली चार महिन्यांनी लहान. पण बोललेला शब्द गिळणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"हरकत नही," त्या जड आवाजात म्हणाल्या. "जो जितना तो जितना. पन मनी पोरनं काय?"

शेठ आज न्यायाच्या तारेत होते. "धुळे शाखेतला लिपिक वर्षभराच्या रजेवर गेलाय. तोवर वृषालीताई तिथे अंतरिम."

"अंतरिम म्हणजे काय व्हस?"

"खरा येईपर्यंत खरा," सर म्हणाले. दोन आठवड्यांत ते पुष्कळ शिकले होते, अंतरिम जगज्जेता सुद्धा.

"आणि आता त्या बॉक्सिंगच्या संस्थेला पत्र लिहा," शेठ म्हणाले. "कडक शब्दांत. कोण लिहितं? लिपिक कुठाय?"

लिपिकाची जागा रिकामी होती म्हणून तर हे सगळं झालं होतं. नूतन उठली आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली. शेठ येरझारा घालत मराठीत सांगत होते, ती इंग्रजीत टाइप करत होती. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या पंचांनी केलेला उघड उघड अन्याय...' सुनंदाबाई मागून एकेक विशेषण पुरवत होत्या.

"आबा, तुम्ही जाणकार," शेठ म्हणाले. "दोन मुद्दे सांगा ना. पत्राला वजन येईल."

आबा बाकाच्या टोकाला बसले होते. दोन आठवडे ज्याला एका अक्षरापुरतंही गप्प बसवता आलं नव्हतं, असा हा माणूस. त्यांनी डाव्या मांडीजवळच्या पाच शेंगांकडे पाहिलं, उजवीकडच्या सात शेंगांकडे पाहिलं. मग उजवीकडच्या सातही शेंगा एकेक करून सोलल्या आणि खाल्ल्या.

"तुम्ही लिहिलं ते ठीक हाये," ते म्हणाले.

नूतनला मागे बसवून आबा असोद्याच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्यावर आबांनी मोटारसायकल कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"नूतन, एक सांगतो. कोनाले सांगू नको."

"काय आबा?"

"तो लाल हरला व्हता. लोकाले वाटलं तो मारून ऱ्हायला, पन लागत व्हते ते पांढऱ्याचेच. पंच बरोबर व्हते. सात-पाच." आबांनी टोपी मागे सरकवली. "मी तिथं बोलायले पाह्यजे व्हतं. पन तोंड उघडलं नही माझं."

नूतनने ओढणीने तोंडावरची धूळ पुसली.

"मले माहीत हाये, आबा. मीबी मोजत व्हती. सात-पाच."

आबा वळून तिच्याकडे बघत राहिले. पोरीला एवढं समजतं, याचा अभिमान वाटावा की धक्का बसावा, हे त्यांना ठरवता येईना.

"मंग ते अन्याय-बिन्यायाचं पत्र कसं टाइप केलं तू?"

"शेठनी सांगितलं तसं," नूतन म्हणाली. "नोकरी लागली ना आता मले."

आबांनी थोडा वेळ वाट पाहिली, ती हसते का बघायला. ती हसली नाही, तेव्हा त्यांनी किक मारली.